नव्वद की तीन?

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. दहावीनंतर मी गणित सोडलं की गणितानं मला सोडलं, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. तेव्हा संख्याशास्त्रावर बोलायला मी पुढे यावं, हे जरा अजबच आहे. पण त्याला कारण माझी भाची.

ती एम.एस्सी.ला होती, वनस्पतिशास्त्र घेऊन. शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. तिनं विषय घेतला सोयाबीन आणि गंधक. तेलबियांना गंधक मानवतं, हे आता शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. प्रश्न असा, की द्यायचं किती? जास्त दिलं तर पैसे मातीत, कमी दिलं तर पीक उणं. प्रश्न पुस्तकी नव्हता. तिच्या अब्बांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, दर पावसाळ्यात दुकानात उभं राहून तो सोडवावा लागतो.

त्यांच्याच शेतात तिनं तीन तुकडे आखून घेतले. एकाला गंधक अजिबात नाही, दुसऱ्याला हेक्टरी २० किलोच्या हिशेबानं, तिसऱ्याला ४० किलोच्या. शेंगा भरल्यावर प्रत्येक तुकड्यातली तीस-तीस झाडं निवडली, शेंगा मोजल्या, दाणे सुकवून वजनं केली. दोन आठवडे पोरगी उन्हात होती. वही भरली. नव्वद झाडांचे आकडे, आणि ४० किलोवाला तुकडा तर नुसत्या नजरेनंही उजवा दिसत होता.

मग एका संध्याकाळी फोन आला. ‘‘मामू, तुमच्या ओळखीचं कुणी स्टॅटिस्टिक्सवालं आहे का? कुठली टेस्ट लावायची तेवढंच विचारायचंय. पाच मिनिटांचं काम आहे.’’

ओळखीत एक निवृत्त प्राध्यापक होते. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पण कविता ऐकायला पहिल्या रांगेत बसणार. त्यांचा ई-मेलचा पत्ता दिला. हिनं त्याच रात्री पत्र धाडलं. तीन गट आहेत, नव्वद झाडं आहेत, कुठली टेस्ट लावू? आणि खाली एक ओळ : निकाल ‘सिग्निफिकंट’ यायला हवा आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात टेस्टचं नाव नव्हतं. नुसते प्रश्न होते. तुकडे एकूण किती? कुठल्या तुकड्याला किती गंधक, हे कुणी ठरवलं आणि कसं? शेताचा उतार कुठल्या बाजूला आहे? तीस झाडं कशी निवडली, चालता चालता डोळ्यांत भरली ती, की काही नियमानं? एखादं झाड नंतर वगळलं का? आणि शेवटी : टेस्टचं नाव बाजूला ठेवून, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे ते साध्या मराठीत लिहा.

भाची वैतागली. ‘‘मी काय विचारलं आणि हे काय विचारतायत!’’ मी म्हटलं, बेटा, आपण दवाखान्यात जाऊन ‘अमुक इंजेक्शन टोचा’ असं म्हणतो का? पोट कधीपासून दुखतंय, काल काय खाल्लं, हे डॉक्टर विचारणारच. तेवढं ऐकून तिनं अब्बांना फोन लावला, शेताच्या उताराचं विचारायला.

मेहुणे म्हणाले, ‘‘उतार ओढ्याकडं. वरची जमीन मुरमाड, खालची भारी. ओढ्याकडच्या तुकड्यात माझ्या आजोबांच्या वेळेपासून पीक जास्त येतं. मला विचारलं असतंस तर पेरणीआधीच सांगितलं असतं.’’

आणि ४० किलो गंधक टाकलं होतं नेमकं त्याच तुकड्यात. का? गंधकाचं पोतं विहिरीजवळच्या खोलीत होतं आणि विहीर ओढ्याकडं आहे. जास्त ओझं कमी अंतर न्यावं, एवढाच त्यातला विचार.

प्राध्यापकांचं दुसरं पत्र छोटं होतं. तुमच्याकडे आकडे नव्वद आहेत, पण प्रयोग तीनच आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र वाचून ती रडली, हे मी तिच्या परवानगीनं सांगतो आहे.

नव्वदचे तीन कसे झाले, हे समजायला मला दोन दिवस लागले. शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. हंडीतली तीस शितं चाखली की त्या हंडीतला भात कळतो. पण तीस शितं चाखली म्हणून तीस वेळा भात शिजवला असं होत नाही. नव्या भांड्यात भात चांगला शिजतो का, हे पाहायचं असेल तर भात पुन्हा पुन्हा शिजवायला हवा. कधी हे भांडं, कधी ते. गंधक झाडाला दिलेलं नव्हतं, तुकड्याला दिलेलं होतं. तुकड्यातली तीसही झाडं एकच माती, एकच ओल, एकच गंधक घेऊन वाढली. ती एकाच हंडीतली शितं.

कॉम्प्युटरला हे कुठून कळणार? नव्वद आकडे भरले असते तर त्यानं क्षणात उत्तर काढून दिलं असतं, आणि ते दणदणीत ‘सिग्निफिकंट’ आलं असतं. खोटंही नव्हतं ते. तिन्ही तुकड्यांत फरक होताच. फक्त तो गंधकाचा की ओढ्याचा, हे सांगायला त्या नव्वद आकड्यांत काही नव्हतं. तुकड्यांत फरक आहे हे मेहुण्यांना आजोबांपासून ठाऊक होतं, त्यासाठी एम.एस्सी. लागत नाही.

ही चूक नवशिक्यांचीच, असं मात्र समजू नका. १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं पर्यावरणशास्त्रातले १७६ छापून आलेले प्रयोग तपासले. त्यांतल्या २७ टक्क्यांत त्याला हीच गफलत सापडली. त्यानं तिला नाव दिलं, त्याचा अर्थ ‘खोटी पुनरावृत्ती’ असा होतो. म्हणजे माझी भाची मोठमोठ्या विद्वानांच्या पंगतीत बसलेली होती. तिला हे सांगितलं, पण त्यानं तिचं समाधान झालं नाही.

मग मी वाचायला लागलो. प्राध्यापकांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडचा उल्लेख केला होता. लंडनच्या उत्तरेला हे शेती संशोधनाचं ठिकाण आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ मध्ये गव्हावर खतांचा प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला नत्र, तिसऱ्याला काहीच नाही. एका खताला एक पट्टा. पाहा, आमच्या भाचीचंच शेत! पुढं १९१९ मध्ये तिथं रोनाल्ड फिशर नावाचा गणिती नोकरीला लागला. इतक्या वर्षांच्या साठलेल्या आकड्यांतून काही निघतं का ते बघ, हे त्याचं काम. त्यानं पुष्कळ काही काढलं. पण खतानं काय केलं, पावसानं काय केलं, तणानं काय केलं, हे मागाहून वेगळं करताना त्याची दमछाक झाली. त्यातून त्याच्या डोक्यात आलं, की आकडे आल्यावर डोकं लावण्यापेक्षा पेरणीआधी लावावं. प्रयोगाची आखणी हे एक शास्त्र म्हणून उभं राहिलं ते मुख्यतः त्याच्यामुळं.

हाच फिशर १९३८ च्या जानेवारीत कलकत्त्याला आला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तिथं १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था काढली होती. तिच्या वतीनं भरलेल्या पहिल्या सांख्यिकी परिषदेचा तो अध्यक्ष. तिथल्या भाषणात त्यानं जे सांगितलं ते आज जगभर सांगितलं जातं. त्याचा आशय असा, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदनाला बोलावणं. प्रयोग कशानं मेला एवढं फार तर तो सांगेल.

हे वाचलं आणि मला आमची इस्लाहची रीत आठवली. उर्दूत नवा शायर आपली गझल उस्तादांना दाखवतो. कुठं वजन ढळलंय, कुठं काफिया लंगडा आहे, ते उस्ताद दाखवतात. याला इस्लाह म्हणतात. पण ती मुशायऱ्याच्या आधी. भर मुशायऱ्यात शेर वाचून झाला, लोक हसले, आणि मग आपण उस्तादांकडं वही घेऊन गेलो, तर ते बिचारे काय करणार? पाठीवरून हात फिरवतील.

फिशरची चहाची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती सांगतो, कारण चहात मला गती आहे. रॉथमस्टेडला म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या एक बाई होत्या, शेवाळांच्या अभ्यासक. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. फिशरला ते पटेना. मग परीक्षा घ्यायचं ठरलं. पुढं १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवर त्यानं पुस्तक लिहिलं, त्यात या परीक्षेचं प्रकरणच आहे. कप आठ. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. कप कुठल्या क्रमानं पुढं यायचे ते सर्वस्वी नशिबावर, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. बाईंनी आधी-दूधवाले चार कप ओळखायचे.

आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०. म्हणजे चव काहीच कळत नसताना नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. पण समजा चारांतले तीनच बरोबर आले. आपण म्हणू, वा, एकच चूक! तसं नाही. तीन बरोबर येण्याच्या रीती १६ आहेत. त्यात तो एक मिळवला की १७. म्हणजे ७० त १७, जवळजवळ चारांत एक. एवढं तर कुणाचंही नशीब साथ देतं. आणि गंमत पुढेच आहे. आठांऐवजी चारच कप घेतले असते, दोन या प्रकारचे आणि दोन त्या, तर रीती फक्त सहा. बाईंनी सगळे ओळखले असते तरी काही सिद्ध झालं नसतं, सहांत एकदा तसं आपोआप होतंच. म्हणजे हा प्रयोग काही सांगू शकेल की नाही, हे चहा उकळायच्या आधीच कळतं. बाईंनी आठही कप ओळखले असं सांगतात. फिशरनं पुस्तकात निकाल दिलेला नाही, त्याला त्यात रस नसावा.

आणि चिठ्ठ्या कशासाठी? आपण आपल्या हातानं क्रम लावला तर त्यात आपली सोय शिरते. आधी दुधाचे सगळे कप भरले तर ते निवून जातील, आणि बाई चवीवरून नव्हे, तर गारव्यावरून ओळखतील. गंधकाचं पोतं विहिरीजवळ होतं, ते याचंच दुसरं रूप.

महाराष्ट्रातल्या माणसाला अभिमान वाटावा अशी एक हकीकतही या वाचनात सापडली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९११ चा जन्म, पुण्यात शिक्षण, लंडनला डॉक्टरेट, आणि पुढं १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत. त्याआधी ते दिल्लीला होते. देशात धान्य किती पिकतं याचा अंदाज पीक कापून घेतात. शेतात एक छोटा भाग आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं. प्रश्न असा, की तो भाग केवढा असावा? महालनोबिस यांचा कल छोट्या भागाकडं होता. वेळ वाचतो, जास्त शेतं पाहून होतात. सुखात्म्यांनी वेगवेगळ्या मापांचे भाग कापून ताडून पाहिले आणि १९४६ मध्ये दाखवून दिलं, की फार छोटा भाग घेतला तर उत्पन्न हटकून जास्त दिसतं.

कारण अगदी मानवी आहे. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर दर चौरस फुटामागं एक फूट कड येते. त्रिज्या वीस फूट केली तर दर चौरस फुटामागं कडेचा दहावा हिस्सा. भाग जितका लहान, तितकी कडेची लबाडी मोठी. आणि असली चूक शेतांची संख्या वाढवून जात नाही. दहा हजार शेतांत तोच हात तसाच आत ओढणार, आणि तीच चूक आपण अधिक आत्मविश्वासानं सांगणार. आज पीकविम्याच्या हिशेबात ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द ऐकला की मला ते वर्तुळ दिसतं. सुखात्म्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर शेतीसंशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक १९५४ मध्ये आलं. शेतीच्या विद्यार्थ्यांना ते ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच माहीत. आमची भाची वनस्पतिशास्त्राची, तिच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

आता मदत मागण्याविषयी. आज आकडे मोबाईलवरून कुठंही पाठवता येतात, आणि परगावचा, परदेशातला अनोळखी माणूसही फुकट वेळ देतो. पण विचारणाऱ्यांचं पत्र बहुतेक वेळा भाचीच्या पहिल्या पत्रासारखं असतं, असं प्राध्यापक सांगतात. उत्तर काय हवं ते आधीच ठरलेलं, आणि प्रयोग कसा केला याबद्दल अक्षर नाही. त्यांना हवं असतं ते नेमकं उलटं. काय पाहायचं होतं, काय केलं, कुठं गडबड झाली. मेलेली झाडं, सांडलेला नमुना, ‘हा आकडा विचित्र वाटला म्हणून काढला’, हे सगळं. सरासरी काढून नव्हे, मूळ वहीत उतरले तसे आकडे. माणसांवरचा, दवाखान्यातला अभ्यास असेल तर मात्र नाव-पत्ता काढून टाकूनच आकडे पाठवावेत, ते आजारी माणसाचं गुपित आहे. सात टेस्ट लावून पाहिल्या आणि आठवी ‘लागू पडली’ असं असेल तर तेही सांगावं. वीसांत एकदा नशिबानं लागणारा नेम वीस वेळा मारला तर एकदा लागायचाच, त्याला नेमबाजी म्हणत नाहीत.

आणि सल्ला देणारा कुणाचा मीठभाकर खातो, हेही बघावं. हा एवढा मोठा फिशर, पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिगारेटमुळं कॅन्सर होतो हे मानायला तयार नव्हता. स्वतः पाईप ओढायचा, आणि तंबाखू उत्पादकांचा मानधनावरचा सल्लागारही होता.

भाचीनं प्रकल्प सादर केला. मात्र ‘गंधकाचा परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढला. तीन तुकड्यांत काय दिसलं ते लिहिलं, आणि त्यावरून गंधकाबद्दल काही सांगता येत नाही, कारण चाळीस किलोचा तुकडा ओढ्याकाठी होता, हेही एका परिच्छेदात लिहिलं. मार्गदर्शकांनी थोडी कुरकूर केली. तो परिच्छेद गाळला असता तर दोन गुण जास्त मिळाले असते असं ती म्हणते. मला तो परिच्छेद तिच्या सबंध प्रकल्पात सगळ्यात जास्त आवडला. पण मी मामा आहे, माझं मत धरू नका.

पदवी मिळाली, तरी अब्बांचा प्रश्न तसाच होता. गंधक किती? म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी दोघं पुन्हा शेतात उतरली. या वेळी मुरमाडापासून ओढ्यापर्यंत, उताराला आडवे असे सात पट्टे आखले. एका पट्ट्यातली जमीन साधारण एकसारखी. प्रत्येक पट्ट्यात तीन वाफे, एकूण एकवीस. कुठल्या वाफ्यात काय, ते माझ्या बहिणीनं मसाल्याच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवलं. पहिल्याच पट्ट्याची चिठ्ठी मेहुण्यांना आवडली नाही, बदलू या म्हणाले. भाचीनं बदलू दिली नाही. मोजायची झाडं नव्हेत, सबंध वाफ्याचं उत्पन्न मोजायचं, आणि कडेच्या ओळी सोडून द्यायच्या. सुखात्म्यांची आठवण.

निकालाचा नियमही आधीच लिहून ठेवला. प्राध्यापक पुढं वजनांचा नीट हिशेब मांडणार आहेतच, पण माझ्यासारख्याला कळेल असा साधा नियमही त्यांनी सुचवला. सातही पट्ट्यांत २० किलोचा वाफा बिनगंधकाच्या वाफ्याला सरस ठरला, तर निव्वळ नशिबानं तसं होण्याची शक्यता १२८ त एक, तेव्हा खुशाल गंधक घ्या. सातांपैकी सहांत ठरला तर? निदान सहांत तरी सरस ठरणं हे १६ त एकदा नशिबानंच होऊन जातं, तेव्हा अजून एक हंगाम थांबा. हे कागदावर लिहून, खाली तारीख घालून, तिनं पेरणीच्या चार दिवस आधी प्राध्यापकांना मेलनं पाठवलं.

त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. बियाणं एकाच पिशवीतलं आहे ना?

नव्हतं. मेहुण्यांनी एकाच वाणाच्या दोन पिशव्या दोन दुकानांतून आणल्या होत्या, एक गेल्या आठवड्यात, एक आदल्या दिवशी. वरच्या पट्ट्यांना एक आणि खालच्यांना दुसरी, की वाफ्यांना हाताला येईल तशी, हे कुणाच्या डोक्यातही आलेलं नव्हतं. अंगणात ताडपत्री अंथरली, दोन्ही पिशव्या तिच्यावर ओतल्या, आणि बाप-लेक खाली बसून दोन्ही हातांनी ते बियाणं बराच वेळ कालवत राहिले.